बाग आजोबांची की नातवाची?

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट या तीन विषयांवर आवाज चढतात, हे नवे नाही. अलीकडे त्यात चौथ्या विषयाची भर पडली आहे. ठाणे असो, पुणे असो की नाशिक, 'सोसायटीच्या बागेत लहान मुलांसाठी खेळणी बसवणे' असा एका ओळीचा विषय पत्रिकेवर येतो आणि एरवी एकमेकांकडे दिवाळीच्या फराळाची ताटे पाठवणारी माणसे दोन बाजूंना विभागली जातात.

बाजूही ठरलेल्या असतात. तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या ज्यांच्या खिडक्या बागेकडे उघडतात, त्यांना गोंगाटाची धास्ती असते. सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांना चालायचा रस्ता अडेल, चेंडू लागेल, धक्का बसून पडायला होईल, अशी भीती असते. हिरवळीला आणि गुलाबाच्या वाफ्यांना जपणारे 'बागेची रया जाईल' म्हणतात. खजिनदाराला वेगळीच चिंता असते. उद्या कुणाचे मूल घसरगुंडीवरून पडले तर जबाबदार कोण? आणि तरुण आईबापांचे म्हणणे एवढेच असते की, मुलांनी खेळायचे कुठे? दोन तासांच्या चर्चेनंतर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो. बागेच्या फाटकावरची 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी आणखी एक वर्ष तशीच राहते.

यातली कुठलीच बाजू खोटी नसते. म्हणूनच हा वाद नुसत्या मतांवर सोडण्याऐवजी प्रत्येक मुद्दा शरीरशास्त्राच्या अंगाने तपासून पाहिला तर उपयोग होतो. त्यात पहिली गोष्ट ध्यानात येते ती काळाची. सभा तहकूब करता येते, मुलाचे वाढते वय तहकूब करता येत नाही. वाद तीन वर्षे रेंगाळला तर सहा वर्षांचे मूल नऊ वर्षांचे होते. या तीन वर्षांत शरीरात जे घडायचे ते घडून जाते किंवा राहून जाते.

हाडांची मुदत ठेव

माणसाच्या हाडांत कॅल्शियम आणि इतर खनिजांचा साठा वाढत जातो तो प्रामुख्याने लहानपणी आणि किशोरवयात. मुलींमध्ये साधारण अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत या साठ्याचा सुमारे ९० टक्के भाग जमा झालेला असतो. उंची सर्वांत झपाट्याने वाढते त्या दोन-एक वर्षांत तर प्रौढपणीच्या एकूण साठ्याचा जवळपास चौथा हिस्सा भरला जातो. त्यानंतरचे आयुष्य बहुतांशी या ठेवीवर काढायचे असते. पस्तिशी-चाळिशीनंतर साठा हळूहळू घटू लागतो आणि पाळी थांबल्यावर स्त्रियांमध्ये तो वेगाने घटतो.

ही ठेव नुसत्या दुधाने भरत नाही. हाडाला घडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे त्यावर पडणारा ताण. उडी मारून जमिनीवर आदळताना, पळता पळता एकदम वळताना, एका पायावर तोल सावरताना हाडावर क्षणभर मोठा भार येतो आणि हाडातील पेशी त्या जागी अधिक खनिज रचतात. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांचा फिनलंडमध्ये अभ्यास झाला. ज्या हातात रॅकेट धरली जाते त्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम असते, हे त्यात दिसलेच. पण ज्यांनी पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यातील हा फरक उशिरा खेळू लागलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होता. व्यायाम तोच, शरीरही तसेच, फरक फक्त वयाचा.

अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर सोसायटीच्या बागेसाठीच केला असावा असा आहे. वयात न आलेल्या मुलामुलींना सुमारे दोन फूट उंचीच्या खोक्यावरून जमिनीवर उड्या मारायला लावले. एका वेळी १०० उड्या, आठवड्यातून तीनदा, सात महिने. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ ताणाचे, बिनउड्यांचे व्यायाम केले. शेवटी उड्या मारणाऱ्या मुलांच्या खुब्याच्या हाडातील खनिज दुसऱ्या गटापेक्षा ४.५ टक्क्यांनी, तर कण्यातील ३.१ टक्क्यांनी अधिक होते. आकडे लहान वाटतात. पण तरुणपणी हाडांचा साठा १० टक्क्यांनी जास्त असेल, तर हाडे ठिसूळ होण्याची अवस्था सुमारे १३ वर्षांनी पुढे जाऊ शकते, असा गणिती अंदाज संशोधकांनी मांडलेला आहे.

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी खाटेवर असतात. कित्येक जणी पुन्हा पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत. त्यांच्या फ्रॅक्चरचे कारण 'ओली फरशी' असे सांगितले जाते. ते खरेच आहे, पण त्या हाडाची जडणघडण साठ वर्षांपूर्वी, दोरीउड्या आणि लंगडीच्या वयात झालेली असते. आज बागेत उड्या मारणारी सात वर्षांची मुलगी स्वतःच्या म्हातारपणाची तयारी करत असते, हे तिला ठाऊक नसते. सभेत हात वर करणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली हव्यात. तीन-चार वर्षांच्या मुलांनी तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी आणि त्यातली एक तासाची जोमदार असावी, असे २०१९ ची शिफारस सांगते. दोन खोल्यांच्या घरात हा हिशोब जमवणे कुठल्याच आईला शक्य नाही.

डोळ्यांना हवा दिवसाचा उजेड

दुसरा मुद्दा चष्म्याचा. लांबचे अंधुक दिसणे, म्हणजे मायोपिया, यात बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळ्याचा गोल लांबट होतो. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसू लागते, पण नंबर खूप वाढला तर पुढे पडदा सुटण्यासारखे धोके वाढतात.

चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना मायोपिया झाला होता, तर जादा तास मिळालेल्यांपैकी ३०.४ टक्क्यांना. औषध नाही, उपकरण नाही, फक्त बाहेरचा उजेड. भर उन्हात प्रकाश काही दहा हजार लक्स असतो, झाडाच्या सावलीतही काही हजार, आणि ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत जेमतेम काहीशे. भरपूर प्रकाशात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि त्यामुळे डोळ्याची फाजील वाढ रोखली जाते, असे मानले जाते.

याचा सभेशी थेट संबंध आहे. अनेक सोसायट्या तडजोड म्हणून 'मुलांनी संध्याकाळी सात ते आठ खेळावे' असा नियम करतात. तोपर्यंत ज्येष्ठांच्या फेऱ्या आटोपलेल्या असतात, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण तेव्हा सूर्य मावळलेला असतो. बागेतल्या दिव्याखाली खेळून हाडांना फायदा होतो, डोळ्यांना नाही. खेळाच्या वेळेतला निदान अर्धा भाग सूर्यास्तापूर्वी यायला हवा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, उन्हाळ्यात सातच्या. वेळापत्रक करताना घड्याळाबरोबर पंचांगही पाहावे.

गोंगाट : तक्रार खरी, निदान वेगळे

आता आवाजाचा मुद्दा. 'मुलांचा आवाज म्हणजे संगीत' असे सांगून तो उडवून लावणे अन्यायाचे आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणाची एक विचित्र खोड असते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजल्याने हळू आवाज ऐकू येत नाहीत, मात्र आवाज एका पातळीपलीकडे गेला की तो एकदम कर्कश वाटू लागतो. हळू बोलले तर 'ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल' आणि मोठ्याने बोलले तर 'ओरडतोस कशाला?' हा संवाद घरोघरी चालतो. तो आजोबांचा हेकटपणा नसतो, कानाचा दोष असतो. त्यातून माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि मुलांच्या किंचाळण्यातली बरीच ऊर्जा तिथेच असते. म्हणजे ज्या आवाजाकडे तिशीतली आई सहज दुर्लक्ष करते, तोच आवाज पंचाहत्तरीच्या कानाला खरोखर टोचतो. रात्रपाळी करून दुपारी झोपलेली परिचारिका, अर्धशिशीचा रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली आई यांचाही विचार करावाच लागतो.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. ज्या गोंगाटाने हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसून आले आहे, तो प्रामुख्याने वाहतुकीचा, अहोरात्र चालणारा, झोप मोडणारा गोंगाट आहे. रस्त्यावरील वाहनांचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीने ५३ डेसिबलच्या खाली असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवले. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि त्यातली रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली आहे. दिवसाउजेडी दीड-दोन तास चालणारा मुलांचा खेळ चीड आणू शकतो, झोपेच्या वेळेवर मात्र तो सहसा घाला घालत नाही. मुंबईच्या शिवाजी पार्कला २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवले, तेव्हाही तिथल्या रहिवाशांचा रोख सभा-समारंभांच्या ध्वनिवर्धकांवर होता. तिथले मुलांचे क्रिकेट त्यानंतरही चालू राहिले.

चीड केवळ डेसिबलवर ठरत नाही, हेही प्रयोगांतून दिसले आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठ्या, अवेळी येणाऱ्या आवाजात काम करायला लावले. त्यातल्या काहींना एक बटण दिले. फारच असह्य झाले तर ते दाबून आवाज थांबवता येईल, पण शक्यतो दाबू नका, असे सांगितले. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्यांची चिकाटी टिकून राहिली आणि चुका कमी झाल्या. आवाज दोघांनीही सारखाच ऐकला होता. 'हे थांबवणे आपल्या हातात आहे' एवढ्या जाणिवेने फरक पडला. त्यांचे हे काम १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याचा अर्थ सोसायटीच्या भाषेत असा की, वेळ ठरलेली असेल, ती पाळली जात असेल आणि तक्रार ऐकणारे कुणी असेल, तर तोच आवाज कमी खुपतो.

बागच बंद झाली तेव्हा

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. जपानमधील नागानो शहरात २००४ साली एक छोटी बाग मुलांसाठी खुली झाली. शेजारीच मुलांचे केंद्र होते. जवळ राहणाऱ्यांकडून गोंगाटाच्या तक्रारी येत राहिल्या. खेळावर एकेक बंधन येत गेले, केंद्राने मुलांना तिथे नेणेच थांबवले आणि २०२३ मध्ये शहर प्रशासनाने ती बाग बंद करून टाकली. हा निर्णय बाहेर येताच देशभर चर्चा उसळली. वृद्धांची संख्या वाढणाऱ्या आणि मुलांची घटणाऱ्या देशात शांतता मोलाची की खेळ, हा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर गाजला. तोवर त्या बागेचा निकाल लागलेला होता.

जर्मनीने दुसरी वाट धरली. पाळणाघरे आणि खेळाच्या जागांविरुद्ध गोंगाटाचे दावे न्यायालयात जाऊ लागले होते. २०११ मध्ये तिथल्या संसदेने प्रदूषणविषयक कायद्यात दुरुस्ती केली. पाळणाघरे, मुलांची मैदाने आणि तत्सम जागांतून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे हानिकारक प्रदूषण मानला जाणार नाही, असे त्यात नमूद केले. कारखान्याच्या भोंग्याला लावायची मोजपट्टी मुलाच्या हसण्याला लावायची नाही, हे त्या समाजाने कायद्याने ठरवले.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. मात्र मोकळी जागा सोडणे बंधनकारक आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१ वे कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला आहे. जागा कागदावर आहे, हक्कही आहे. तिथे नेमके काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

पडणार, पण कशावर?

खजिनदाराची भीती निराधार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत हात गळ्यात बांधलेली मुले रुग्णालयाच्या दारात हमखास दिसतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हात टेकून पडल्यावर कोपराच्या लगेच वरचे हाड मोडणे हे नेहमीचे आहे. पण खेळायला जागा नाकारली म्हणून मुले खेळायची थांबत नाहीत, फक्त जागा बदलतात. ती पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाड्यांच्या मधून धावतात, जिन्याच्या कठड्यावरून घसरतात, संक्रांतीला गच्चीच्या कडेला उभी राहतात. तिथे पडणे हातावर निभावेलच असे नाही.

इजा किती गंभीर होईल हे मूल किती उंचावरून आणि कशावर पडते यावर ठरते. आपल्याकडची मोठी चूक म्हणजे पेव्हर ब्लॉकवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर झोपाळे बसवणे. साधारण चार फूट उंचीवरून पडताना डोक्याची गंभीर इजा टळावी यासाठी खाली किमान नऊ इंच मोकळी वाळू हवी, असा अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाचा दंडक आहे. पायांनी वाळू सरकते, म्हणून सुरुवातीला फूटभर भरावी आणि अधूनमधून फावड्याने सारखी करावी. खेळण्यांच्या पायातले काँक्रीट उघडे राहता कामा नये. कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन ते नऊ इंच असेल, तर मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. ती फट याहून लहान किंवा मोठी हवी. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून उन्हात ठेवली तर एप्रिलच्या दुपारी मांड्या भाजतात. ती सावलीत हवी. वाळूवर रात्री जाळी किंवा ताडपत्री टाकावी, नाहीतर मांजरे तिथे घाण करतात आणि त्यातून जंतांची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. आणि टायरचा झोका करायचाच असेल, तर त्याला खाली भोके पाडावीत. पावसाळ्यात टायरमध्ये साचलेले पाणी डेंगीच्या डासांची आवडती जागा आहे.

मूल पडलेच आणि कोपर सुजले, तर मालिश करू नये, हात ओढून 'बसवू' नये. मालिशने सांधा कायमचा आखडू शकतो. हात आहे त्या स्थितीत झोळीत घेऊन रुग्णालयात न्यावे. बोटे थंड, पांढरी किंवा बधिर पडली असतील, तर एक मिनिटही दवडू नये. घट्ट फळ्या बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात कायमचा वाकडा झालेली मुले अजूनही रुग्णालयात येतात.

आजोबांचा हक्क

या सगळ्यात ज्येष्ठांची गरज दुय्यम ठरत नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा आणि तीन दिवस तरी तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असेही जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यासाठी एका धक्क्याने पडणे म्हणजे खुब्याचे फ्रॅक्चर असू शकते. म्हणून चालायचा रस्ता सपाट, अडथळ्याविना आणि मुलांच्या धावण्यापासून वेगळा हवा, हा त्यांचा आग्रह रास्त आहे.

मात्र सभेत एक घोळ नेहमी होतो. तक्रारींचा बराच भाग असतो तो मोठ्या मुलांच्या क्रिकेटबद्दल. चेंडू, फुटलेल्या काचा, आरडाओरडा. आणि त्याची शिक्षा मिळते चार वर्षांच्या मुलाच्या घसरगुंडीला. लहानग्यांचा खेळाचा कोपरा आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट हे दोन वेगळे विषय आहेत. पत्रिकेवर त्यांना दोन वेगळे क्रमांक द्यावेत. निम्मा वाद तिथेच मिटतो.

उरलेला वाद मोजपट्टीने कमी करता येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खेळाचा कोपरा खिडकीपासून पाच मीटरवरून वीस मीटरवर नेला, तर १२ डेसिबलचा फरक पडतो आणि कानाला तो आवाज निम्म्याहून कमी वाटतो. तिन्ही बाजूंनी उंच इमारती असतील तर आवाज भिंतींवर आपटून परततो आणि एवढा फायदा मिळत नाही. तिथे कोपरा उघड्या बाजूला, रस्त्याकडच्या कुंपणाच्या आत घ्यावा. मेंदीच्या कुंपणाने आवाज फारसा अडत नाही, पण चालण्याच्या वाटेवर येणारी मुले अडतात. तेही थोडे नाही.

फार खर्चही लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅम शहरात वास्तुविशारद आल्डो व्हॅन आयक यांनी १९४७ पासून तीन दशकांत सातशेहून अधिक लहान लहान खेळाच्या जागा उभ्या केल्या. त्यातल्या अनेक जागा रहिवाशांनी पालिकेला पत्रे लिहून मागून घेतल्या होत्या. वाळूचा हौद, उडी मारायला गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी कमानी आणि कडेला मोठ्यांसाठी बाके. बहुतेक ठिकाणी कुंपणही नव्हते. हत्ती-जिराफाच्या आकाराची महागडी प्लास्टिकची खेळणी तिथे नव्हती. हाडांना तरी त्यांची गरज नसते. उडी मारायला जागा आणि पडायला वाळू मिळाली की त्यांचे भागते.

बाके कडेला होती, हा तपशील विसरू नये. नातवंडे दिसतील आणि कानाला त्रास होणार नाही एवढ्या अंतरावर दोन बाके टाकली, तर ज्या आजोबांनी सभेत विरोध केला त्यांपैकी काही तिथेच बसलेले दिसतात. घरात दिवसभर कुणाशी न बोलता बसणे हेही म्हातारपणातले एक दुखणेच आहे आणि त्यावर गोळी नाही.

पुढच्या सभेत एवढे करता येईल. खेळणी घेण्याचा ठराव बाजूला ठेवून आधी तीन महिन्यांच्या प्रयोगाचा ठराव मांडावा. बागेचा एक कोपरा खडूने आखावा. सूर्यास्तापूर्वी एक तास आणि नंतर अर्धा तास ही वेळ लिहून फलकावर लावावी. दुपारी दोन ते चार पूर्ण शांतता ठेवावी. तक्रार ऐकायला एक आई आणि एक ज्येष्ठ अशा दोघांची नावे द्यावीत. या तीन महिन्यांत विकत काहीही आणू नये. ठिकरीचे चौकोन आखायला खडूची एक कांडी पुरते, लंगडीला तेवढीही लागत नाही आणि दोरीउड्यांना लागते ती वाळत घालायच्या दोरीचा तुकडा. तीन महिन्यांनी किती तक्रारी आल्या आणि किती मुले रोज आली, हे दोन आकडे सभेपुढे ठेवावेत. मग घसरगुंडी घ्यायची की नाही, ते ठरवणे सोपे जाईल. आणि फाटकावरची जुनी पाटी तोवर उतरवून ठेवावी.